विंचवाचा उतारा

मुरगावहून मोटारीने मुंबईस निघालेला प्रवासी झुआरी ओलांडतो, पेडण्यातील पत्रादेवीपाशी गोमंतकाची सीमा सोडतो, आणि सावंतवाडी, राजापूर, चिपळूण, खेड अशी गावे मागे टाकीत कशेडीपार पोलादपुरास व तेथून महाडास येतो. महाडचे नाव आपणां सर्वांस दोन कारणांनी ठाऊक असते. एक तर रायगड तेथून जवळ. आणि दुसरे, १९२७ साली डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचा सत्याग्रह केला तो याच गावी. आज मी आपणांस तिसरे कारण सांगणार आहे. महाडनजीकच्या बिरवाडी गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याचा आरंभ झाला, आणि त्याचा विषय आहे विंचू.

विंचवाचे नाव काढले की आपल्याकडे थोडे हसू येते. एकनाथांनी त्याच्यावर भारूड रचले, कीर्तनकारांनी त्यावर श्रोत्यांना पोट धरधरून हसविले, आणि नांगीच्या वेदनेने नाचणारा माणूस हा आपल्या लोककलेतील एक हुकमी विनोद होऊन बसला. एकनाथांच्या मनात कामक्रोधाचा विंचू होता, हे त्या हशात बहुधा विसरले जाते. परंतु कोकणातल्या ज्या घरात रात्री लाल विंचू निघतो, त्या घरातील आई हसत नाही. जांभ्या दगडाचे गडगे, पावसाळ्यासाठी रचलेला लाकूडफाटा, गवताची उडवी, अंगणात वाळत पडलेली नारळाची चुडते, ही त्याची राहण्याची ठिकाणे. तीच आपल्याही राबत्याची.

विंचवावर गावोगावी उतारे असत. कोणी मंत्र घाली, कोणी पाळेमुळे उगाळून लावी, कोणी चुना फाशी. या उपायांना पुष्कळदा यश येई, याचे कारण सरळ आहे. बहुतेक जातींच्या विंचवांचे विष मनुष्यास मारीत नाही. वेदना काही तासांनी आपोआप उतरते आणि श्रेय मांत्रिकास मिळते. लाल विंचवाची गोष्ट निराळी. विष अंगात भिनलेल्या रुग्णास दंशाच्या जागी वेदना थोडी असू शकते, आणि जो मोठ्याने ओरडत असतो तो पुष्कळदा सुखरूप असतो. मूल रडत नाही म्हणून घरची माणसे निर्धास्त होत, आणि हातचा वेळ जाई.

काही वेळाने उलट्या सुरू होत. घामाने कपडे चिंब होत, तोंडाला लाळ सुटे, हातपाय बर्फासारखे गार पडत. पुरुष रुग्णांत व लहान मुलग्यांत इंद्रियास आपोआप ताठरपणा येई. मग छातीत धडधड, खोकला, धाप. शेवटी तोंडावाटे गुलाबी फेस. फुफ्फुसांत पाणी भरून रुग्ण पाण्याबाहेरच बुडून जाई. डॉ. मुंडले यांनी १९६१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये विंचूदंशानंतर फुफ्फुसांत पाणी भरण्याचा हा प्रकार नोंदविला होता. त्यानंतरही वीस-बावीस वर्षे अशा गंभीर रुग्णांपैकी शेकडा पंचवीस ते तीस दगावत राहिले.

१९७६ साली बिरवाडीच्या केंद्रात हिंमतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर रुजू झाले. ते कोकणातले नव्हेत. आजच्या जालना जिल्ह्यातील एका शेतकरी घरातले. वैद्यकाचे शिक्षण नागपुरास झालेले. त्यांच्या ग्रंथांत विंचवाला फारशी जागा नव्हती, आणि यात नवल नाही. वैद्यकाचे ग्रंथ जेथे लिहिले जातात तेथे हा विंचू नसतो. आणि जेथे तो असतो तेथून मोठ्या इस्पितळापर्यंत पोहोचण्याआधीच रुग्णाचा निकाल लागलेला असतो. आपल्या गोमंतकात १८४२ पासून वैद्यकीय विद्यालय आहे, मुंबईस त्यानंतर थोड्याच वर्षांत ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले. विद्येची वाण नव्हती. वाण होती ती दंशापासून मृत्यूपर्यंतचे ते बारा-चोवीस तास रुग्णाच्या खाटेजवळ बसून पाहणाऱ्या माणसाची.

बावस्कर बसून राहिले. त्यांच्यापाशी नाडी मोजण्यास घड्याळ होते, रक्तदाबाचे यंत्र होते, स्टेथोस्कोप होता आणि वही होती. कोणते लक्षण आधी येते, कोणते मागून. दाब केव्हा चढतो आणि केव्हा कोसळतो. कोणता रुग्ण वाचतो. हे त्यांनी टिपून ठेवले. त्यातून त्यांना असे दिसले की उलटी, घाम आणि तो ताठरपणा ही लक्षणे पुढे येणाऱ्या हृदयविकाराची आगाऊ वर्दी देतात. हा लेख १९८२ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. प्राथमिक आरोग्य केंद्रातील टिपणांवरून त्या पत्रात लेख यावा, ही गोष्ट तेव्हा दुर्मिळ होती आणि आजही नित्याची नाही.

आता हे विष हृदयापर्यंत कसे जाते, ते पाहू. गोमंतकातल्या श्रोत्यांना समजावयास एक सोपा दाखला आहे. आपल्या खाजन शेतीच्या बांधाला मानस असते. भरतीच्या वेळी तिची दारे मिटतात आणि खारे पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला उघडतात आणि आतले पाणी बाहेर जाते. आपल्या मज्जातंतूंच्या आवरणातही अशीच सूक्ष्म दारे असतात. त्यांतून सोडियम, म्हणजे मिठातलेच एक मूलद्रव्य, क्षणभर आत येते, दार मिटते, आणि एक संदेश पुढे जातो. लाल विंचवाचे विष या दाराला मिटू देत नाही. संदेश थांबतच नाहीत. मज्जातंतूंची टोके आणि मूत्रपिंडावरील ग्रंथी आपला साठा रक्तात ओतू लागतात. त्यात ॲड्रिनॅलिन व त्याच्या जातीची द्रव्ये असतात. भीतीच्या क्षणी शरीर ज्याचे चार थेंब सोडते, त्याचा येथे पूर लोटतो.

त्या पुराने सर्व शरीरातील बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून हातपाय गार. रक्ताला पुढे जावयास वाट नाही, म्हणून दाब चढतो. हृदयाचा डावा कप्पा त्या अडथळ्याविरुद्ध पंप मारून थकतो, मागे रक्त तुंबते आणि फुफ्फुसांत पाणी झिरपते. इस्रायलमध्ये बीरशेबा येथील डॉ. ग्युरॉन यांनी १९७० च्या सुमारास तेथल्या विंचूदंशाच्या रुग्णांत हृदयावरील असाच आघात आणि लघवीत या द्रव्यांचे वाढलेले प्रमाण दाखविले होते. दोन निरनिराळ्या वाळवंटी आणि जांभ्या भूमींतील विंचू, पण मारण्याची रीत एक.

हे कळल्यावर जुन्या उपचारांकडे पाहिले म्हणजे मनाला चटका बसतो. घाम आणि लाळ थांबावी म्हणून ॲट्रोपिन देत. त्याने आधीच धावणारे हृदय आणखी धावे. सूज व ॲलर्जी समजून स्टेरॉइड आणि ॲलर्जीविरोधी औषधे देत. त्यांचा या आजाराशी संबंधच नव्हता. रुग्ण कोसळलेला दिसला की शिरेतून सलाईन चढवीत. फुफ्फुसे पाण्याने भरलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग व्हावा! यात कोणाच्या हेतूला दोष देता येणार नाही. रोग विषबाधेचा म्हणून पाहिला जात होता, हृदयाचा म्हणून नव्हे. आणि नाव चुकले की औषध चुकते.

बावस्करांनी पुण्यास जाऊन एम. डी. केले आणि ते परत महाड भागातच आले. माझ्या मते या सबंध इतिहासातील निर्णायक प्रसंग हाच आहे, लॅन्सेटचा लेख नव्हे. पदवी घेऊन ते शहरात राहिले असते तर त्यांची वही तेथेच मिटली असती. आवळलेल्या वाहिन्या सैल करणे हाच उपाय, हे आता त्यांना ठाऊक होते. सोडियम नायट्रोप्रुसाइड हे औषध ते काम झपाट्याने करते. परंतु ते शिरेतून थेंबथेंब द्यावे लागते, क्षणोक्षणी दाब पाहावा लागतो, आणि खेड्यात ते कोठून आणावयाचे? तेव्हा त्यांनी प्राझोसिनकडे लक्ष वळविले. रक्तदाब वाढलेल्या लोकांसाठी १९७० नंतरच्या दशकात प्रचारात आलेली ही साधी गोळी. ॲड्रिनॅलिनच्या जातीची द्रव्ये रक्तवाहिन्यांच्या ज्या जागी बसून त्यांना आवळतात, नेमकी तीच जागा ती अडवते. तोंडाने घेता येते, स्वस्त आहे, आणि तिला बर्फाची पेटी लागत नाही. १९८६ साली हा अनुभव पुन्हा ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. गोळी वेळेवर मिळालेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाच्याही खाली गेले.

या गोळीचाही धाक आहेच. पहिल्या मात्रेनंतर दाब एकदम उतरू शकतो. म्हणून रुग्णास आडवे ठेवावयाचे, आणि गोळी दिल्यावर आईने मुलाला चटकन उचलून कडेवर घ्यावयाचे नाही. कळवळ्याने नेमके तेच घडते, हे सांगावयास नको. तीन तासांनी पुन्हा मात्रा, हातपाय ऊबदार होईपर्यंत. हातपाय ऊबदार होणे ही बरे होण्याची खूण. ती ओळखावयास कोणतेही यंत्र लागत नाही.

या कामात त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर त्यांच्या सहकारी होत्या. पुष्कळ लेखांवर दोघांची नावे आहेत. पुढे तुर्कस्तानातील डॉक्टरांनीही विंचूदंशात ही गोळी वापरून आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. महाडातून निघालेले औषध असे परदेशी गेले. विद्येची वाहतूक एरवी उलट दिशेने होते, याची आपणांस सवय आहे.

यानंतर एक नवा प्रश्न उभा राहिला. लाल विंचवाच्या विषावर प्रतिविष तयार होऊ लागले होते. सापाच्या विषावरील लशीप्रमाणेच घोड्याला विषाच्या अल्प मात्रा टोचून त्याच्या रक्तातून ते काढावयाचे. स्वतःच्या गोळीने कीर्ती मिळविलेल्या माणसाला या नव्या औषधाकडे डोळेझाक करणे सोपे होते. बावस्करांनी दोहोंची परीक्षा लावली. रुग्णांचे दोन गट केले, प्रत्येकात ३५. एका गटास नुसते प्राझोसिन, दुसऱ्यास प्राझोसिन व प्रतिविष दोन्ही. दहा तासांत पूर्ण बरे झालेले पहिल्या गटात ८ निघाले, दुसऱ्यात ३२. नुसत्या गोळीपेक्षा दोन्ही मिळून अधिक चांगली, असा हा निकाल त्यांनी २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून टाकला. मुंडले यांनी विंचवाविषयी लिहिले होते तेच पत्र. मध्ये पन्नास वर्षे गेलेली.

सरकारने २०२२ साली त्यांना पद्मश्री दिली. पहिल्या लेखाला तेव्हा चाळीस वर्षे झाली होती.

कोकणात उन्हाळा तापू लागला की गडग्यांतले आणि लाकडांखालचे विंचू बाहेर पडतात. पावसाळा सरताना भातकापणीच्या दिवसांत पुन्हा. प्रतिविष प्रत्येक केंद्रात असतेच असे नाही. गोळी मात्र रक्तदाबाची औषधे विकणाऱ्या दुकानात मिळण्याजोगी आहे, आणि ती केव्हा द्यावयाची हे ठरविण्यास डॉक्टरला दंशाची वेळ, पहिल्या उलटीची वेळ आणि हातपायांची ऊब एवढे कळले तरी पुष्कळ झाले. विंचू चावल्यावर रुग्णास दवाखान्यात नेणाऱ्याने घड्याळ पाहून या दोन वेळा लक्षात ठेवाव्यात. तेथे पहिला प्रश्न तोच विचारला जातो.