व्हॉलीबॉलमधील सेटरची उंची आणि अमेरिकी महाविद्यालयीन निवड : एक ऐतिहासिक परामर्श

प्रस्तावना

व्हॉलीबॉलच्या संघात सेटरचे स्थान मध्यवर्ती असते. आपल्याकडील मैदानांवर 'लिफ्टर' किंवा 'बूस्टर' या नावांनीही ओळखला जाणारा हा खेळाडू बहुतेक वेळा संघाचा दुसरा स्पर्श करतो आणि स्मॅश कोणी, कोठून व किती वेगाने मारावा हे ठरवितो. हे काम मुख्यतः बोटांचे, पायांचे व बुद्धीचे आहे. असे असूनही अमेरिकेतील विद्यापीठांच्या संघांत प्रवेश मिळवू पाहणाऱ्या सेटरला आपल्या उंचीची चिंता वाहावी लागते. ही अपेक्षा खेळाच्या मूळ स्वरूपातून आली, की नियमांत वेळोवेळी झालेल्या बदलांतून घडत गेली, या प्रश्नाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार करण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे. उंचीचे महत्त्व नियमसापेक्ष असून काळानुसार बदलत आले आहे, हे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

सेटरच्या भूमिकेचा उदय

मॅसॅच्युसेट्स राज्यातील होल्योक येथे १८९५ मध्ये वायएमसीए या संस्थेतील विल्यम मॉर्गन यांनी हा खेळ निर्माण केला, तेव्हा त्यात सेटर नव्हता. ६ फूट ६ इंच उंचीच्या जाळीवरून चेंडू पलीकडे टोलविणे एवढेच त्याचे स्वरूप होते. चेंडू उंच उचलून देणे व तो जोराने खाली मारणे ही पद्धत १९१६ च्या सुमारास फिलिपाइन्समध्ये रूढ झाल्याचे मानले जाते. उचलणारा आणि मारणारा असा श्रमविभाग येथून सुरू झाला. या विभागणीत उंचीचा लाभ मारणाऱ्याला होता; उचलणाऱ्याकडून अपेक्षा होती ती अचूकतेची.

मात्र या खेळात खेळाडूंना जागा बदलत फिरावे लागते. एकच सेटर असलेल्या 'पाच-एक' रचनेत सहापैकी तीन फेऱ्यांत सेटर आघाडीच्या रांगेत येतो. तेथे तो सामान्यतः जाळीच्या उजव्या बाजूस उभा राहतो आणि त्याच्यासमोर प्रतिपक्षाचा डाव्या बाजूचा आक्रमक असतो. उंचीचा प्रश्न प्रामुख्याने येथेच उद्भवतो. ठेंगण्या सेटरने दिलेला पास उत्कृष्ट असू शकतो. पण त्याच्या डोक्यावरून प्रतिपक्षाचा स्मॅश निर्वेध जाण्याचा धोका असतो. जाळीला चिकटून आलेला चेंडू वाचविणे किंवा दुसऱ्याच स्पर्शात तो पलीकडे टाकणे यांतही उंचीचा फायदा होतो, हे खरे. तरीही प्रशिक्षकांच्या चिंतेचे मुख्य कारण ब्लॉक हेच राहिले आहे.

नियमबदल आणि ब्लॉकचे वाढते मोल

ब्लॉकचे मोल सर्व काळ सारखे नव्हते. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉलचा प्रथमच समावेश झाला. त्याच सुमारास ब्लॉक करणाऱ्याला जाळीपलीकडे हात नेण्याची मुभा मिळाली. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकनंतर ब्लॉकचा स्पर्श संघाच्या तीन स्पर्शांत मोजणे बंद झाले. परिणामी ब्लॉक हे बचावाचे साधन न राहता आक्रमणाचे पहिले पाऊल ठरले. १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने प्रत्येक रॅलीला गुण देण्याची पद्धत स्वीकारली व पुढे अमेरिकी महाविद्यालयांतही ती आली. पूर्वी आपली सर्व्हिस असताना ब्लॉक फसला, तर केवळ सर्व्हिस जात असे. आता थेट गुण जाऊ लागला. या तिन्ही बदलांनी सेटरच्या बोटांचे मोल कमी केले नाही. परंतु जाळीजवळ त्याच्या उंचीच्या उणिवेची किंमत मात्र वाढविली.

अमेरिकी महाविद्यालये : संधीचे अर्थकारण

उंचीच्या प्रश्नाला अमेरिकेत शैक्षणिक गांभीर्य प्राप्त झाले ते १९७२ च्या 'टायटल नाइन' या कायद्यामुळे. संघराज्य सरकारचे साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदास प्रतिबंध करणाऱ्या या कायद्याने मुलींच्या क्रीडाशिष्यवृत्तींचा मार्ग खुला केला. नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशनने (एनसीएए) पुरुषांची व्हॉलीबॉल स्पर्धा १९७० मध्ये, तर महिलांची १९८१ मध्ये सुरू केली. पहिल्या श्रेणीतील महिला संघाला दीर्घकाळ १२ पूर्ण शिष्यवृत्तींची, तर पुरुष संघाला केवळ साडेचार शिष्यवृत्तींची मर्यादा होती. २०२५ मधील न्यायालयीन तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांत शिष्यवृत्तींच्या मर्यादेऐवजी संघातील खेळाडूंच्या संख्येची मर्यादा आली. महिला व्हॉलीबॉलसाठी ती १८ आहे.

संघात सर्वसाधारणपणे दोन किंवा तीनच सेटर असतात. म्हणजे एका विद्यापीठात या जागेसाठी प्रतिवर्षी एखादीच संधी उपलब्ध होते आणि काही वर्षी तीही नसते. जागा जितक्या दुर्मीळ, तितका निवडकर्त्याचा कल डोळ्यांना चटकन दिसणाऱ्या व मोजता येणाऱ्या गुणाकडे झुकतो. उंची अर्ध्या मिनिटात मोजता येते; निर्णयशक्ती पारखण्यास अनेक सामने पाहावे लागतात. म्हणूनच उंचीच्या निकषामागे क्रीडाशास्त्राबरोबर निवडीची सोयही कार्यरत असते, असे म्हणावे लागते.

उदाहरणांची साक्ष

डेबी ग्रीन यांची उंची ५ फूट ४ इंच होती. महिलांची २.२४ मीटर उंचीची जाळी लक्षात घेता ही उंची अत्यल्पच म्हणावी लागेल. तथापि त्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या १९७६ व १९७७ च्या राष्ट्रीय विजेत्या संघांच्या सेटर होत्या आणि १९८४ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळविणाऱ्या अमेरिकी संघाचीही धुरा त्यांनी याच जागेवरून वाहिली. हवाई विद्यापीठाच्या रॉबिन आ मो सुमारे ५ फूट ८ इंच उंचीच्या. त्यांनी तीन ऑलिंपिक स्पर्धांत भाग घेतला व २००८ मध्ये रौप्यपदक मिळविले.

पुढील पिढीत चित्र पालटलेले दिसते. पेन स्टेट विद्यापीठास २००७ ते २००९ अशी सलग तीन विजेतेपदे मिळाली, तेव्हाच्या सेटर अलीशा ग्लास सुमारे ६ फूट उंचीच्या, तर टोकियो येथे २०२१ मध्ये झालेल्या ऑलिंपिकमधील सुवर्णविजेत्या संघाच्या सेटर, इलिनॉय विद्यापीठाच्या जॉर्डिन पोल्टर ६ फूट २ इंचांच्या. पुरुषांत २००८ च्या सुवर्णविजेत्या संघाचे सेटर लॉय बॉल ६ फूट ८ इंच उंचीचे होते.

यावरून कमी उंचीच्या सेटरचे युग संपले असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. जपानच्या योशिए ताकेशिता केवळ १५९ सेंटिमीटर उंचीच्या होत्या. तरी २००६ च्या जागतिक स्पर्धेत त्या सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरल्या आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांच्या संघाने कांस्यपदक मिळविले. जपानी परंपरेने उंचीची उणीव चेंडूच्या वेगाने व बचावाच्या शिस्तीने भरून काढली.

शिवाय अशा उदाहरणांचा पुरावा म्हणून उपयोग करताना सावधगिरी आवश्यक आहे. संघांच्या याद्यांत निवडल्या गेलेल्यांचीच नोंद असते. उंचीमुळे नाकारलेल्यांची नोंद कोणी ठेवत नाही. उंच सेटरनाच संधी दिली, तर विजेते सेटर उंचच असणार. अशा यादीतून उंचीची अपरिहार्यता सिद्ध होत नाही, निवडकर्त्यांची पसंती तेवढी कळते.

महाविद्यालयीन नियमांतील पळवाट

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार एका सेटमध्ये सहाच बदली खेळाडू घेता येतात. एनसीएएच्या महिला स्पर्धेत ही मर्यादा पुष्कळ अधिक आहे. त्यामुळे 'सहा-दोन' रचनेत दोन सेटर आळीपाळीने मागच्या रांगेतून खेळू शकतात. आघाडीच्या रांगेत येण्याची वेळ झाली की सेटरच्या जागी उंच आक्रमक उतरविता येतो. ठेंगण्या सेटरवर ब्लॉकचा भार पडतच नाही. म्हणजे एकच मुलगी राष्ट्रीय संघाच्या दृष्टीने उणी ठरेल आणि महाविद्यालयीन संघात मात्र पूर्णतः उपयुक्त असेल. तरीही राष्ट्रीय संघाचा आदर्श समोर ठेवून महाविद्यालये निवड करीत असतील, तर ती स्वतःच्याच नियमांनी दिलेली सवलत वाया घालवितात.

२०२४ मध्ये एनसीएएने महिलांच्या स्पर्धेत दुसऱ्या स्पर्शातील दुहेरी स्पर्श, चेंडू आपल्याच बाजूस राहिल्यास, दोष मानणे बंद केले. स्वच्छ हात हे कमी उंचीच्या सेटरचे पारंपरिक बलस्थान. त्यातील चुकीची शिक्षा सौम्य झाल्याने उंच, पण हाताने काहीशा ओबडधोबड सेटरचा लाभ होण्याचा संभव आहे. नियमातील एका ओळीने पात्रतेची व्याख्या कशी सरकते, याचे हे ताजे उदाहरण होय.

निष्कर्ष

सेटरसाठी उंची महत्त्वाची आहे काय, या प्रश्नाचे उत्तर, ज्या रचनेत त्याला जाळीजवळ ब्लॉकसाठी उभे राहावे लागते त्या रचनेत आहे, असे द्यावे लागते. चेंडू उचलून देण्याच्या मूळ कार्यास ती अनिवार्य नाही. १९६४, १९७६ व १९९८ या टप्प्यांवरील बदलांनी तिचे मोल वाढविले. अधिक बदली खेळाडूंच्या सवलतीने ते महाविद्यालयीन पातळीवर घटविले. ज्या निवडीवर एखाद्या विद्यार्थिनीचे चार वर्षांचे शिक्षण अवलंबून असते, तिथे खेळाडूला आपण कोणत्या रचनेत खेळविणार हे आधी ठरवून मगच मोजपट्टी हाती घेणे न्याय्य ठरेल. क्रीडागुणांवर प्रवेश देणाऱ्या आपल्या महाविद्यालयांतील निवड समित्यांनीही हे ध्यानी घ्यावयास हवे. मोजता येणारा प्रत्येक गुण निर्णायक नसतो आणि निर्णायक असणारा प्रत्येक गुण मोजपट्टीवर उतरत नाही.