आखाडा, मंडप आणि विद्यापीठ

विद्यापीठाच्या आवारात एकाच छपराखाली दिवसा कबड्डीचे सामने रंगावेत आणि रात्री तेथेच गायनाची मैफल व्हावी, ही कल्पना आज नव्या युगाची म्हणून मिरवत असली, तरी यवतमाळ जिल्ह्याचा पूर्वेतिहास चाळू लागले म्हणजे तिच्यात छपरापलीकडे नवे असे फारसे काही उरत नाही. निजामाच्या अंमलातून १८५३ साली इंग्रजी कारभाराखाली आलेल्या वऱ्हाडातला हा मुलूख १८६४ साली स्वतंत्र जिल्हा झाला, पुढे दीर्घकाळ वणीच्या नावाने ओळखला गेला, आणि १९०५ साली त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. या साऱ्या फेरफारांत कचेऱ्यांची दप्तरे हलली, अंमलदारांचे हुद्दे बदलले, परंतु रयतेची करमणूक मात्र होती तेथेच, म्हणजे यात्रेच्या मोकळ्या रानात राहिली.

वणीची रंगनाथस्वामींची यात्रा ही त्या जुन्या व्यवस्थेची उत्तम साक्ष होय. देवदर्शन हे तिचे निमित्त, गुरांचा बाजार हा तिचा व्यवहार, आणि कुस्त्यांपासून तमाशापर्यंतचे सर्व खेळ हे तिचे आकर्षण. वणीच्या पूर्वेस वर्धा नदी ओलांडून चंद्रपूरकडे गेले की झाडीपट्टीत हीच रीत अधिक रेखीव झालेली आढळते: दिवसा बैलजोड्यांचा शंकरपट धावावा आणि रात्री त्याच गर्दीसमोर नाटक उभे राहावे, असा तेथला जुना शिरस्ता आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निर्णयाने पट थांबला, तरी नाटके थांबली नाहीत. आणि २०२१ च्या डिसेंबरात पुन्हा परवानगी मिळाल्यावर बैल परतले, तेव्हा त्यांच्यासाठी प्रेक्षक नव्याने गोळा करावे लागले नाहीत. क्रीडा आणि कला यांना दोन निराळ्या खात्यांत घालण्याची बुद्धी सरकारी कारकुनाला सुचते. पटावर आलेल्या शेतकऱ्याला ती सुचलेली नाही, आणि माझ्या मते त्यात त्याचे काही अडलेलेही नाही.

या रानवट परंपरेला संस्थेचे शिस्तबद्ध रूप देण्याचे श्रेय मात्र शेजारच्या अमरावतीकडे जाते. अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्यबंधूंनी १९१४ साली तेथे जो आखाडा सुरू केला, तो श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ या नावाने सर्व वऱ्हाडाला शारीरिक शिक्षणाचे आगर झाला. क्रांतिकारक राजगुरू व्यायामशिक्षणासाठी काही काळ येथेच राहिले, आणि १९३६ साली डॉ. सिद्धनाथ काणे यांच्या नेतृत्वाखाली येथील पथकाने बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी मल्लखांब, कबड्डी यांसारखे देशी खेळ युरोपीय प्रेक्षकांपुढे करून दाखविले. मंडळाचा खरा आत्मा ज्याला पाहावयाचा असेल, त्याने विजयादशमीला त्या मैदानावर जावे. तेथे लेझीम चालते तेव्हा तो व्यायाम आहे की वादन आहे, हा प्रश्न निरर्थक ठरतो. कारण हातातील झांजांचा ताल चुकला की पाऊल चुकते, आणि पाऊल चुकले की ताल कोसळतो. नादाशिवाय कवायत करणाऱ्या पलटणी इंग्रजांनी पुष्कळ आणल्या, पण आमच्या पोरांना घाम गाळण्यासाठी हलगी हवीच असते.

विद्यापीठ या प्रांतात उशिरा अवतरले. यवतमाळचे विद्यार्थी प्रारंभी १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाच्या छत्राखाली शिकत असत. गावातच अमोलकचंद महाविद्यालय उभे राहिल्यावर अभ्यासाची सोय झाली, तरी परीक्षेचा शिक्का नागपूरचाच होता. १ मे १९८३ रोजी अमरावतीला स्वतंत्र विद्यापीठ झाले आणि यवतमाळ जिल्हा त्याच्या अधिकारक्षेत्रात गेला. आंतरमहाविद्यालयीन सामने आणि युवक महोत्सव हे दोन्ही सोहळे महाविद्यालयांकडे आळीपाळीने सोपविण्याची पद्धत असल्यामुळे ज्या प्रांगणावर खो-खोचे खांब रोवलेले असत, त्याच प्रांगणावर लोकनृत्याचा रंगमंच बांधण्याची पाळी शिपायांवर येई.

बंदिस्त बहुउद्देशीय क्रीडागृहाचे कौतुक करणाऱ्यांनी एक अडचण ध्यानात घ्यावी. खेळाला उंच छत, कठीण भिंती आणि गुळगुळीत लाकडी जमीन लागते; अशा वास्तूत चेंडूचा टप्पा झकास उमटतो, पण गवयाचा स्वर भिंतीवर आपटून परततो आणि मागल्या स्वरात मिसळून जातो. पडदे सोडावेत, जमिनीवर जाजमे अंथरावीत, एवढे करूनही ऐकणाऱ्याला समाधान मिळतेच असे नाही. उघड्या मैदानाचे दुखणे निराळे: तेथे ध्वनी मोकळा सुटतो, परंतु मंडपाच्या बल्ल्यांनी पाडलेले खड्डे नीट बुजविले नाहीत, तर पुढल्या सामन्यात एखाद्या चढाईपटूचा घोटा मुरगळणे निश्चित.

यवतमाळने हे दुखणे पत्करलेले दिसते. येथे १९७३ साली ग. दि. माडगूळकर यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. त्यानंतर शेहेचाळीस वर्षांनी, ११ जानेवारी २०१९ पासून, ब्याण्णवावे संमेलन आले ते लोकांच्या तोंडी पोस्टल मैदान म्हणून असलेल्या समता मैदानावर. अध्यक्षा अरुणा ढेरे होत्या. उद्घाटक म्हणून इंग्रजी लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेतले गेल्याने मोठा गदारोळ उसळला, साहित्य महामंडळाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला, अनेक निमंत्रितांनी पाठ फिरविली, आणि शेवटी उद्घाटनाचा मान कळंब तालुक्यातील एका शेतकरी विधवेकडे गेला. निमंत्रण परत घेण्याची कृती लाजिरवाणी होती, यात मला शंका नाही. पण कापसाच्या कर्जापायी किती घरे बसली, हे त्या बाईंनी ज्या गर्दीसमोर सांगितले, तीत साहित्याचे वाचक जेवढे होते, तेवढीच खेड्यापाड्यांतून आलेली माणसेही होती. तिकीट काढून, नोंदवहीत सही करून आत जाण्याचे सभागृह असते, तर त्यांच्यातले बहुतेक जण दारापर्यंतही आले नसते.