आगगाडीतून आलेली मानमोडी

“मानमोडी आगगाडीमा बशीसन उनी,” मोठी माय सांगायची. आम्ही नातवंडं ओट्यावर बसलेलो, आणि ती कळण्याच्या भाकरीवर तेल-चटणी घालून एकेकाच्या हातात देत असायची. १९१८ साली ती सात-आठ वर्षांची असेल. आमच्याकडे जन्मसुद्धा ‘मानमोडीच्या आधी’ नाहीतर ‘मानमोडीच्या मागून’ असेच मोजायचे.

तिचं बोलणं खरंच होतं. त्या जूनमध्ये महायुद्धाहून परतणाऱ्या शिपायांबरोबर मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझा, मुंबई बंदरात उतरली. पहिली लाट तशी सौम्य गेली, भादव्या-आश्विनातली दुसरी मात्र जीवघेणी. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. साथ मग रुळांवरूनच मुलखात शिरली. नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा, अमळनेर. आमची तापी व्हॅलीची गाडी तेव्हा वीसेक वर्षांची. कापूस-मिरची घेऊन जायची, माणसं घेऊन यायची. त्यात पाऊस रुसलेला, ज्वारी उभ्या उभ्या करपलेली, घराघरात पोटं खपाटीला गेलेली.

टेसनापासून आमच्या गल्लीपर्यंतची वाट मोठ्या मायला घरागणिक पाठ होती. मुंबईच्या गिरणीतला एक तरणा सोयरा नवरात्रात गावी आला नि अंग मोडून पडला. मग त्याची वहिनी. मग त्याला पाणी पाजायला गेलेली शेजारीण. मग तिच्या कडेवरचं पोर. सरकारी कागदांत गावांचे आकडे सापडतात. कोण कुणाच्या उशाशी बसलं होतं, ते मात्र मोठ्या मायसारख्या बायाच सांगू जाणे.

मधूनच ती उंदीर पडल्याचं, गाव ओस टाकून बुराई नदीकाठच्या झोपड्यांत राहिल्याचं सांगू लागायची. ते बहुधा प्लेगचं, तिच्या सासूकडून ऐकलेलं. १८९६ला मुंबईत उद्भवलेला प्लेग पुढं कितीतरी वर्षं मुलखात फिरत राहिला. मोठ्या मायच्या गोष्टीत दोन्ही मऱ्या एकत्र नांदायच्या. आम्हीही कधी तिला थांबवलं नाही.

मानमोडीनं म्हातारे सोडले नि विशी ते चाळिशीतली माणसं उचलली. आपल्या देशात पुरुषांपेक्षा बाया जास्त गेल्या. का, हे मला मोठ्या मायच्या थोरल्या काकूवरून कळतं. काकू रोज ज्वारीच्या पातळ कण्या शिजवून पितळी गुंडात भरायची, आजाऱ्यांच्या घरात शिरून मान सावरून घोट घोट पाजायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तीच आडवी झाली. तेव्हा घरात चूल पेटवायला उभं राहू शकेल असं कुणी उरलं नव्हतं.

पुढं आयुष्यभर, गल्लीत कुणी तापानं पडलं की मोठी माय कण्या पाठवायचीच. पण आम्हाला बजावून: भांडं ओट्यावर ठेव, कडी वाजव, मागं सर. आणि भांडं परत आलं की ते आधी चुलीवरच्या उकळत्या पाण्यात जायचं.