अंभोऱ्याचा घाट : वैनगंगेवरील एका जुन्या उताराचा ऐतिहासिक विचार

भंडारा जिल्ह्याच्या इतिहासलेखनात वैनगंगेचा उल्लेख प्रामुख्याने भातशेती व सिंचनाच्या संदर्भात येतो. नदी ओलांडण्याच्या जागांचा, म्हणजे घाट आणि उतार यांचा, विचार मात्र अभावानेच आढळतो. वास्तविक पूल नव्हते त्या काळात सोयरसंबंध, आठवडी बाजार आणि यात्रा या सर्व गोष्टी अशा जागांवरच अवलंबून होत्या. भंडारा व नागपूर जिल्ह्यांच्या सीमेवरील अंभोरा हे असेच एक ठिकाण होय.

सातपुड्यातून उतरणारी कन्हान येथे वैनगंगेस मिळते. आंब व इतर लहान प्रवाह धरून हा पाच नद्यांचा संगम मानला जातो. संगमालगतच्या टेकडीवर चैतन्येश्वराचे मंदिर असून हरिनाथांची समाधीही येथे आहे. मुकुंदराजांच्या ‘विवेकसिंधु’ या ग्रंथात वैन्यागंगेच्या तीरावरील अंबानगरीचा निर्देश आहे. ग्रंथाचा काळ परंपरेने शके १११० (इ. स. ११८८) मानला जातो. अंबानगरी म्हणजे अंभोरा की मराठवाड्यातील अंबेजोगाई, हा वाद जुना आहे. नदीचे नाव विचारात घेतल्यास अंभोऱ्याचा पक्ष बळकट वाटतो; तथापि केवळ त्या वादापुरतेच या स्थळाचे महत्त्व मानणे योग्य नव्हे.

नागपूरहून रायपूरकडे जाणारा मोठा रस्ता भंडाऱ्याजवळ कारधा येथे वैनगंगा ओलांडतो. १८८० च्या दशकात आलेला लोहमार्ग त्याहून उत्तरेस, माडगीजवळ, नदीपार गेला. अंभोरा या दोन्ही मार्गांच्या दक्षिणेस राहिले. त्यामुळेच कारधा व माडगी येथे पूल झाल्यानंतरही अंभोऱ्याचा घाट डोंग्यांवरच चालत राहिला. आधुनिक दळणवळणाने ज्याला बाजूला टाकले, तेच जुने टिकले, असा हा प्रकार आहे.

या घाटाचे स्वरूप ऋतूप्रमाणे बदलत असे. पावसाळ्यात पूर असला की दोन्ही तीर तुटत. पाणी ओसरल्यावर ढीवर नावाड्यांचे डोंगे चालत आणि उन्हाळ्यात पात्र आटले म्हणजे वाळूतून वाट पडे. महाशिवरात्रीची यात्रा नदी ओसरण्याच्या काळात येते, ही गोष्टही येथे ध्यानात घ्यावी. ब्रिटिश अमदानीत १८७८ चा नौकाघाटविषयक कायदा मध्य प्रांतास लागू होता. त्यान्वये सरकारला सार्वजनिक घाट घोषित करता येत आणि उताराऊ वसूल करण्याचा हक्क लिलावाने देता येई. म्हणजे नदी पार करणे हा महसुलाचाही विषय होता. नावाड्याचे कौशल्य मात्र कोणत्याही लिलावात मोजले गेले नाही.

पवनी तालुक्यातील गोसीखुर्द येथील धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. पुढे पाणी अडविले गेल्यावर त्याचा फुगवटा अंभोऱ्यापर्यंत पोहोचला. उन्हाळ्यात पाऊल टाकता येईल असे पात्र राहिले नाही आणि ऋतूप्रमाणे बदलणारा उतार पाण्याखाली गेला. जानेवारी २०२४ मध्ये सुमारे ७०० मीटर लांबीचा केबल पूल वाहतुकीस खुला झाला. भंडाऱ्याकडील गावांना रुग्ण व विद्यार्थी यांच्यासाठी ही सोय फार मोलाची आहे, यात शंका नाही. पुलावर उंच प्रेक्षागॅलरी असल्याने पर्यटकही येतात. तेथून दिसतो तो विस्तीर्ण जलाशय. ज्या नदीला लोक उतरून जात, ती नदी त्याच्या तळाशी आहे.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या नकाशांवर नौकाघाट व उतार स्वतंत्र चिन्हांनी दाखविलेले असतात. ते नकाशे, महसुली दप्तरातील घाटलिलावाचे कागद आणि दोन्ही तीरांवरील वृद्ध नावाड्यांच्या आठवणी एकत्र ठेवून पाहिल्यास वैनगंगेवरील अशा घाटांची मालिका मांडता येईल. यांपैकी कागद अभिलेखागारात आणखी काही वर्षे थांबू शकतात. डोंगा वल्हवलेली पिढी आता सत्तरीपुढे गेली आहे.