माडावरील मडके आणि अबकारीचा कायदा

अबकारीच्या इतिहासाचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष सामान्यतः महसुलाच्या आकड्यांकडे, दुकानांच्या मक्त्यांकडे व दारूबंदीच्या चळवळीकडे जाते. ज्या भांड्यात पेय सिद्ध होते आणि ज्या क्षणी ते एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतले जाते, त्यांची दखल क्वचितच घेतली जाते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील माडीचा व्यवसाय पाहिला म्हणजे ही उपेक्षा किती महागात पडते हे ध्यानी येते. माडीच्या बाबतीत भांडे बदलणे ही केवळ सोयीची क्रिया नव्हे. रसाचे स्वरूप तेथेच ठरते, आणि भंडाऱ्याचे कायद्यातील स्थानही पुढे तेथेच ठरू लागले.

प्रथम ही क्रिया कशी चालते ते पाहणे अवश्य आहे. माडाची पोय फुलण्यापूर्वी भंडारी ती दोरीने आवळून बांधतो, हलके ठोकून मऊ करतो आणि तिच्या टोकाचा पातळ काप धारदार कोयत्याने काढतो. त्या छेदातून पाझरणारा रस पोयीला अडकवलेल्या मडक्यात थेंबाथेंबाने साठतो. सकाळ-संध्याकाळ माडावर चढून हा छेद ताजा करावा लागतो. त्याच वेळी मडक्यातील रस कमरेला अडकवलेल्या भांड्यात ओतून घेतला जातो. त्यासाठी वाळलेल्या भोपळ्याचे हलके कवच पश्चिम किनाऱ्यावर दीर्घकाळ वापरात होते. खाली उतरल्यावर मुंग्या, मधमाश्या व फुलोऱ्याचा कचरा गाळून रस मोठ्या भांड्यात जातो. अशा रीतीने विक्रीस येण्यापूर्वीच रसाची दोनदा तरी भांडेबदल झालेली असते. ज्या पोयीतून रस काढला, तिला नारळ धरत नाहीत. यास्तव प्रत्येक मडक्यामागे बागाईतदाराने सोडून दिलेले नारळाचे उत्पन्न उभे असते.

आता या भांडेबदलीचे शास्त्र पाहू. माडाच्या ताज्या रसात साखरेचे प्रमाण शेकडा १२ ते १७ च्या आसपास असते. कोकणाच्या उष्ण व दमट हवेत हवेतील, पोयीवरील आणि मडक्यातील किण्व त्यात तत्काळ शिरते व काही तासांतच आंबण्यास आरंभ होतो. ज्या मडक्यात आदल्या दिवसाचा गाळ शिल्लक असतो, ते मडके नव्या रसाला विरजणासारखे काम देते. तेच मडके स्वच्छ धुऊन, आतून चुन्याचा लेप देऊन टांगले, तर रस गोड राहतो व त्याला नीरा म्हणतात. आंबलेली माडी उघड्या भांड्यात फार काळ राहिली, तर हवेच्या संपर्काने तिचे शिर्क्यात रूपांतर होते. म्हणजे एकाच झाडाचा एकच रस नीरा होणार, माडी होणार की शिर्का होणार, हे भांडे कसे राखले आणि रस केव्हा व कशात ओतला यावर अवलंबून असते.

युरोपातील बिअरशी तुलना केली असता हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. बिअर करणारा जवाचा काढा उकळतो, थंड करतो आणि त्यात निवडलेले किण्व घालतो. आंबण्याची क्रिया पुरी होत आल्यावर तो ती बिअर तळाच्या गाळावरून अलगद दुसऱ्या पिंपात काढतो. घरगुती बिअर करणारेही हेच करतात. नळीचे टोक द्रवाच्या पृष्ठभागाखाली ठेवतात, खळखळाट होऊ देत नाहीत व नवे पात्र आधी निर्जंतुक करतात, कारण या टप्प्यावर आत शिरलेली हवा चव बिघडवते. पाश्चरने १८७६ साली बिअरवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि हान्सेनने १८८३ मध्ये कोपनहेगन येथील कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत शुद्ध किण्वाची पैदास साधली. त्यामुळे या दक्षतेला शास्त्रीय अधिष्ठान लाभले. बिअरमध्ये किण्व मुद्दाम घालावे लागते व नंतर गाळ मागे टाकावा लागतो. माडीत किण्व आपोआप येते आणि त्याला रोखावयाचे असेल तरच मुद्दाम काही करावे लागते. दोन्हीकडे कसब भांडेबदलीत आहे. पण त्याचा हेतू उलट आहे.

या कसबातून निघणाऱ्या वस्तूंची परंपरा जुनी आहे. गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या संवादग्रंथात माडाच्या रसाला ‘सुरा’ म्हटले असून तो विस्तवावर ऊर्ध्वपातित करून मद्य काढीत असल्याचे नमूद केले आहे. गोव्यात आजही माडीला ‘सूर’ हाच शब्द आहे. पाव व सान्नां फुगवण्यासाठी तेथे सूर वापरण्याची चाल होती. भट्टीवर चढवून तिची फेणी केली जाते. मडक्यातला रस पिठात गेला की अन्न, काहिलीत आटवला की गूळ, भट्टीवर गेला की मद्य, असा हा पसारा आहे.

हा पसारा कायद्याच्या चौकटीत बसवणे राज्यकर्त्यांना सोपे नव्हते. बिअरवर कर बसवावयाचा तर तो कारखान्याच्या दारात बसवता येतो, कारण तेथे कोणीतरी ती ‘तयार’ करीत असतो. माडी मात्र कोणी तयार न करताच तयार होते. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने, म्हणजे त्या वर्षाच्या पाचव्या अधिनियमाने, या अडचणीवर सरळ उपाय योजला. नारळ, ताड, शिंदी वा तत्सम झाडाचा रस, आंबलेला असो की न आंबलेला, त्याने ताडीच्या व्याख्येत घातला. नीरा व माडी यांतील जो भेद भंडाऱ्याच्या मडक्यात रोज प्रत्यक्ष घडत होता, तो व्याख्येत पुसला गेला. रस काढण्यासाठी परवाना आणि झाडागणिक कर, अशी पद्धत त्यामुळे शक्य झाली. करवसुली मडक्यावर न थांबता थेट माडावर चढली.

स्वातंत्र्यानंतर परिस्थिती पालटली. १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाच्या १२ व्या कलमाने मद्य तयार करणे, नेणे, बाळगणे व विकणे यांस मनाई केली. १३ व्या कलमाने विक्रीसाठी मद्य बाटलीत भरणे हेही स्वतंत्रपणे निषिद्ध ठरवले. एका भांड्यातून दुसऱ्यात ओतण्याची क्रिया येथे उघडपणे गुन्ह्याच्या यादीत आली. याच अधिनियमातील काही तरतुदी सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात १९५१ साली रद्द ठरवल्या. बहुतांश अधिनियम मात्र टिकला. दुसरीकडे नीरेला उत्तेजन देण्याचे धोरण होते. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने ताडगुळाचा पुरस्कार केलेला होताच. १८७८ ने पुसलेली रेषा अशा प्रकारे पुन्हा ओढावी लागली, आणि ती ओढली गेली मडक्याच्या आतल्या चुन्याच्या लेपाने. लेप पुरेसा असेल व रस वेळेत पोहोचला असेल तर भंडारी ग्रामोद्योगाचा कारागीर. लेप उतरला किंवा दोन-चार तासांचा विलंब झाला, तर त्याच रसासह तोच मनुष्य गुन्हेगार.

यावरून एक निष्कर्ष निघतो. माडीच्या इतिहासात कायदा व कसब या दोन वेगळ्या कथा नाहीत. किण्वाची चाल भंडाऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती व त्याने ती धुतलेल्या किंवा न धुतलेल्या मडक्याच्या रूपाने हाताळली. शासनाने एकदा ती दुर्लक्षिली व एकदा तिच्यावरच आपला निवाडा उभारला. दोन्ही वेळी भार पडला तो माडावर चढणाऱ्यावर. १८८० साली रत्नागिरी व सावंतवाडी यांचे गॅझेटियर प्रसिद्ध झाले, तेव्हापासून या जिल्ह्याच्या अबकारीविषयी दप्तरी कागद पुष्कळ साठले आहेत. त्या कागदांत झाडांची व परवान्यांची मोजदाद मिळते. मडके केव्हा धुतले जाई, रस कोणत्या प्रहरी ओतला जाई, चुना किती लावीत, हे मात्र जुन्या भंडारी कुटुंबांच्या आठवणीतूनच मिळवावे लागेल. माडावर चढणारे हात दरवर्षी कमी होत आहेत. हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही.