कॅमेऱ्यामागचा माणूस

गणपतीत घरोघरी फोटो निघतात. आरासीचे, आरतीचे, पंगतीचे. काही वर्षांनी अल्बम उघडला की लक्षात येते, फोटो काढणारा त्यात कुठेच नाही. आपलीच गोष्ट आपल्या कॅमेऱ्याने सांगणे हा आज एक मान्यताप्राप्त कलाप्रकार आहे. त्याची एक जुनी वाट आपल्या गुजरातेतूनच गेली आहे.

दादासाहेब फाळके मूळचे त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७०. मुंबईच्या जे. जे. स्कूलनंतर ते बडोद्याला आले आणि कलाभवनात चित्रकलेबरोबर छायाचित्रणही शिकले. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली हे कलाभवन १८९० मध्ये उभे केले प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी. गज्जर आपल्या सुरतेचे! संस्थेचा फोटो स्टुडिओ त्यांनी फाळक्यांना वापरू दिला. पुढे फाळक्यांनी गोध्र्याला छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला. तिथे प्लेगने पत्नी आणि मूल हिरावून नेले. बडोद्यात परतून त्यांनी पुन्हा सुरुवात केली, तर कॅमेरा अंगातली शक्ती शोषून घेतो या समजुतीने गिऱ्हाईक फिरकेना.

ज्या यंत्राला लोक भ्यायले, त्याच्यासमोर फाळक्यांनी आपले घर उभे केले. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये त्यांचा मुलगा भालचंद्र राजपुत्र झाला. १९१७ मध्ये चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणाऱ्या लघुपटात फाळके स्वतःच काम करताना दिसतात. त्याच सुमारास 'नवयुग' मासिकातून त्यांनी आपली हकिगतही लिहिली. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. त्यात आधी तिचा स्वतःचा चेहरा निरनिराळे भाव दाखवतो आणि मग ती कृष्णरूपात येते. देवाच्या गोष्टीआधी बापाने आपल्या लेकीची ओळख करून दिली.

बडोद्यातच शिकलेल्या पुष्पमाला एन. यांनी अलीकडे हीच वाट वेगळ्या रीतीने चालवली. राजा रविवर्म्याच्या लक्ष्मीचे रूप स्वतः धारण करून त्यांनी छायाचित्र घडवले. रविवर्म्याच्या ज्या छापखान्याने ही लक्ष्मी घराघरांत पोहोचवली, त्याच्यासाठी फाळक्यांनीही काम केले होते. मात्र देव्हाऱ्यातल्या लक्ष्मीसाठी कोण बसले होते, हा प्रश्न आपण कधी विचारला नव्हता. पुष्पमालांच्या फोटोसमोर तो टाळता येत नाही.

आपल्या आजोबा-पणजोबांनीही सुरतेत येऊन संसार मांडला. स्टुडिओतल्या पडद्यापुढे ताठ बसलेले त्यांचे फोटो आपल्याकडे आहेत, पण मागे नाव नाही, साल नाही, गोष्ट तर नाहीच. ज्यांना ती ठाऊक आहे, ती माणसे आज आपल्यात आहेत. तेव्हा या गणेशोत्सवात दोनच गोष्टी करूया. जुना अल्बम आजीच्या मांडीवर ठेवून ती सांगेल ते लिहून घेऊया. आणि आरतीचा फोटो काढणाऱ्याच्या हातून एकदा तरी कॅमेरा घेऊन त्याला बाप्पाशेजारी उभे करूया.