जुन्या ब्लूज ध्वनिमुद्रिका : झिजलेल्या तबकडीतून स्वराचा शोध

ब्लूज हा अमेरिकेच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीय समाजात घडलेला गानप्रकार. गायिका मेमी स्मिथ यांची ‘क्रेझी ब्लूज’ ही ध्वनिमुद्रिका १९२० मध्ये निघाली आणि तिच्या खपामुळे कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी स्वतंत्र ध्वनिमुद्रिका काढण्याचा व्यवसाय उभा राहिला. त्या काळातील संगीताचा मोठा भाग आज केवळ झिजलेल्या तबकड्यांच्या रूपाने उरला आहे.

याचे एक प्रमुख कारण पॅरामाउंट या कंपनीच्या इतिहासात सापडते. विस्कॉन्सिन राज्यातील पोर्ट वॉशिंग्टन येथील खुर्च्यांच्या एका कारखान्याची ही शाखा. कारखाना फोनोग्राफची लाकडी कपाटे बनवू लागला आणि त्याच ओघात तबकड्याही काढू लागला. मिसिसिपी डेल्टातील चार्ली पॅटन, सन हाउस व स्किप जेम्स यांची १९२९ ते १९३१ मधील गाणी याच कंपनीने मुद्रित केली. महामंदीत, १९३२ मध्ये, तिचे ध्वनिमुद्रण थांबले. तबकड्या छापण्याचे धातूचे मूळ साचे कोणी जपले नाहीत. पुष्कळसे भंगारात गेले. परिणामी घरोघरी वाजवून झिजलेली तबकडी हीच मूळ प्रत ठरली. विली ब्राउन यांच्या १९३० मधील एका तबकडीची एकही प्रत आजवर मिळालेली नाही. सन हाउस यांचे ‘क्लार्क्सडेल मोन’ मात्र सात दशकांनंतर हाती लागले व २००६ मध्ये पुन्हा प्रसिद्ध झाले.

या तबकड्या ज्या लाखेपासून बनत, तिचा प्रमुख पुरवठादार भारत होता. छोटा नागपूर परिसरातील पळस, कुसुम व बोरीच्या झाडांवरील कीटकांपासून ती मिळे. लाखेत दगडाची बारीक पूड मिसळली जाई; पोलादी सुई घासली जाऊन खाचेत नीट बसावी, हा त्यामागील एक हेतू. हीच पूड आज सततची खरखर म्हणून ऐकू येते. पॅरामाउंटचा माल तर याबाबतीत विशेष हलका होता. दुसऱ्या महायुद्धात लाखेची आयात घटली, तेव्हा अमेरिकेत जुन्या तबकड्या गोळा करून वितळविण्यात आल्या.

पुनरुद्धाराचे निम्मे यश संगणक सुरू करण्यापूर्वीच ठरते. तबकडी धुतल्यावर तंत्रज्ञ निरनिराळ्या जाडीच्या सुया लावून पाहतो. जुन्या सुईने खाचेची भिंत एका विशिष्ट उंचीवर झिजविलेली असते. थोडी जाड किंवा बारीक सुई न झिजलेल्या भागावर टेकते आणि बुजलेला आवाज अनपेक्षितपणे स्वच्छ होतो. खाचेच्या दोन्ही भिंती स्वतंत्रपणे वाचून त्यांतील बरी बाजू निवडण्याचीही सोय आहे.

त्यानंतर संगणकाचे काम. टकटक जेथे येते तो क्षणांश काढून, आजूबाजूच्या ध्वनीवरून गणित मांडून ती जागा भरली जाते. यात फारसे नुकसान नसते. खरा धोका खरखर घालविण्यात आहे. पॅटन यांचा घोगरा आवाज आणि गिटारच्या तारेवरील नखाचा आघात हे खरखरीच्याच ध्वनिपट्ट्यात मिसळलेले असतात. ती पूर्ण पुसली की गायक पाण्याखालून गात असल्यासारखा भासतो. १९९० च्या दशकातील काही पुनर्प्रकाशनांत हा अतिरेक झाला. थोडी खरखर राहू देणारी आवृत्तीच अधिक प्रामाणिक म्हणावी लागेल.

गतीचा प्रश्न याहून चिवट आहे. मिनिटाला ७८ फेऱ्या हे प्रमाण कागदावरचेच. प्रत्यक्ष मुद्रण कमी-अधिक गतीने होई. गतीत सुमारे सहा टक्के फरक पडला तरी गाणे अर्ध्या स्वराने चढते किंवा उतरते. रॉबर्ट जॉन्सन यांनी १९३६ व १९३७ मध्ये सॅन अँटोनियो व डॅलस येथे २९ गाणी मुद्रित केली. ती मूळ गायनापेक्षा तब्बल वीस टक्के वेगवान असल्याचा दावा मध्यंतरी गाजला. परंतु दोन शहरांत, सात महिन्यांच्या अंतराने झालेल्या मुद्रणांत एकच चूक सारख्याच प्रमाणात कशी झाली, याचे समाधानकारक उत्तर त्या दाव्यापाशी नाही.

तडकलेल्या तबकड्यांसाठी अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतील कार्ल हेबर व विताली फादेयेव यांनी वेगळा मार्ग काढला. त्यांच्या ‘आयरीन’ यंत्रणेत सुई टेकवावी लागत नाही. खाचांच्या सूक्ष्म छायाचित्रांवरून ध्वनी पुन्हा उभा केला जातो.

अमेरिकेच्या २०१८ च्या कायद्यानुसार १९२३ पूर्वीची ध्वनिमुद्रणे १ जानेवारी २०२२ रोजी स्वामित्वहक्कातून मुक्त झाली. ‘क्रेझी ब्लूज’ त्यांपैकीच. १९२३ ते १९४६ मधील मुद्रणांना प्रकाशनापासून शंभर वर्षांचे संरक्षण आहे. त्यामुळे पॅटन यांच्या १९२९ मध्ये प्रकाशित झालेल्या तबकड्या १ जानेवारी २०३० रोजी सर्वांसाठी खुल्या होतील.